रूपचंदच्या वाटचा रोट

चोपडा, श्रावण १९४६

चि. रूपचंदास आशीर्वाद.

लढाई संपून वर्ष झालं, तुझी खबर नाही. तुझी माय माघात गेली.

कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढतात. तू ब्रह्मदेशात गेलास, तरी माय तुझी मूठ काढायचीच. रोट परक्याला देता येत नाही, म्हणून तुझ्या वाटचा शिळा रोट पौर्णिमेपर्यंत एकटीच खायची. मी हसायचो. "नारळाला नथ घालून देवी म्हणून बसवल्याने पोरगा परत येतो का?"

"तुमले समजाव नई," एवढंच म्हणायची. त्या मुठीवर ती वर्ष काढायची.

यंदा तुझी बायको ताईबाई सुपापुढे नुसतीच बसून राहिली. शेवटी खालमानेने म्हणाली, "नाना, त्यासनी मूठ टाकू ना?" तिचं कुंकू माझ्या एका शब्दावर होतं. मी उठलो आणि तुझी मूठ स्वतःच सुपात टाकली, चांगली भरून.

तुझा रोट आता मी खातो. दात नाहीत, दुधात भिजवतो.  माय होती तेव्हा तिला एकदा तरी म्हणायला हवं होतं, आण, अर्धा मला दे.

हे पत्र धाडायला तुझा पत्ता नाही. मूठ मात्र पुढच्या श्रावणातही काढीन.

तुझा नाना