चौदा पानांचा रिपोर्ट

१२ जानेवारी
आणि वर बायको मलाच विचारते, तुमी कोण डॉक्टर? डॉक्टर नाय हे मला माहीत आहे. पण बाप आहे की नाय? अडीच वर्षांची पोरगी, वजन नऊ किलो चारशे. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. अंगणवाडीच्या ताईने कार्डावर पिवळ्या पट्ट्यात टिंब मारलं, म्हणजे वजन कमी, त्याचा फोटो स्नेहलने पाठवला. मी म्हटलं, घरात सासू-सून दोन बाया, नि एक अक्षदा सांभाळता येत नाय? ती म्हणाली, दोघी दिवसभर लोकांच्या कांद्यात असतो, तुमी या नि सांभाळा. हे असं. मी इथं कच्छमध्ये सोलरच्या साईटवर पोकलेन चालवतो. आमचं गाव मढ काय शेजारच्या गल्लीत आहे?
निश्चय: उद्यापासून फोनवर ओरडायचं नाय.

१३ जानेवारी
ओरडलो. रेंज नव्हती म्हणून आवाज मोठा करावा लागला. यात माझी चूक नाय.

१७ जानेवारी, जेवणाची सुट्टी
कारण सापडलं! व्हिडिओत एक मॅडम सांगत होत्या, पोटाचे नव्वद टक्के त्रास न सोसणाऱ्या खाण्यामुळे, नि उरलेले यीस्टमुळे. यीस्ट म्हणजे आंबवणारा जंतू. पोटात वाढतो आणि आपण खाल्लेलं सगळं तोच खातो. एकदम पटलं. अक्षदा सकाळ-संध्याकाळ नाचणीची आंबील पिते. आंबील म्हणजे आंबवलेलीच की! आई रोज माझ्या पोरीला यीस्ट पाजते नि कुणाच्या लक्षात नाय.
घरबसल्या टेस्ट असते. दहा केस कापायचे, पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचे. दोनशे पदार्थ तपासतात. चार हजार नऊशे नव्व्याण्णव. खरी किंमत नऊ हजार, म्हणजे बसल्याजागी चार हजार वाचले. मढचा पत्ता टाकला.
दुसऱ्या पोकलेनवर दादाभाऊ असतो, ओतूरचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. म्हणाला, केसावरनं रोग कळतो तर सलूनवाला तालुक्यातला सगळ्यात मोठा डॉक्टर पाहिजे की राव. सातवी नापास माणसाशी काय वाद घालणार. मी पण सातवीच, पण पास.

२४ जानेवारी
किट घरी पोचलं नि आडवं आलं जावळ. स्नेहल म्हणते, जावळ काढल्याबिगर पोरीच्या डोक्याला कातर लागणार न्हाई. चैत्रात, देवाच्या दारात, मामाच्या मांडीवर बसवूनच. मामा म्हणजे तिचा भाऊ ऋषी, लोणीचा. मी म्हटलं, दहाच केस, मागच्या बाजूचे, कुणाला दिसणार नाय. म्हणाली, देवाला दिसत्यात. आई पण तिच्याच बाजूने. चार वर्षांत या दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्या विरुद्ध.
जाहीर केलं: केस पोस्टात पडेपर्यंत अन्नाला शिवणार नाय.
संध्याकाळी ७. खिचडी होती. खिचडीला काय अन्न म्हणायचं.

२७ जानेवारी
जिंकलो. आईचा फोन. तुझं पाकीट टाकलं पोस्टात, आता जेव बाबा. सून कांद्यात गेल्यावर गुपचूप कापले म्हणे, तिला बोलू नको. आई शेवटी आई.

५ फेब्रुवारी
रिपोर्ट आला! चौदा पानं. इंग्रजीत आहे, पण फोन त्याचं मराठी करतो. लाल खुणेचे: दूध, अंडी, शेंगदाणे, केळी, गहू, नाचणी. यीस्ट तर गडद लाल. मी म्हटलंच होतं. हिरव्या खुणेचे: ओट्स आणि अल्फाल्फा. हे काय म्हणून नेटवर बघितलं, तर फोटो आपल्या घासाचा. गुरांना टाकतो तोच घास! माझ्या पोरीला शंभरात सत्त्याण्णव टक्के सोसतो म्हणे. विज्ञान लई पुढं गेलंय.
घरी फोन करून यादी वाचली. आंबील बंद, केळं बंद, शेंगदाण्याचा लाडू बंद. केस कापल्याचं स्नेहलला तेव्हाच कळलं. आधी आईवर भडकली, मग म्हणाली, परत वाचा, सावकाश. एक-एक करून लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं. आई मागून एवढंच म्हणाली, मग पोरीला काय खडी चारू का रं?
ओट्सचे तीन डबे मागवले. घासाचं सध्या बोललो नाय. एकदम सगळं लोकांना झेपत नाय.

१० फेब्रुवारी
अंगणवाडीत आज सगळ्या पोरांना जंताची गोळी. ताईने थेट मला फोन लावला. अमृतभाऊ, तुमच्या घरच्या न्हाई म्हणत्यात, तुमी सांगा जरा. मी म्हटलं जंत नाय, यीस्ट आहे, नि तुमची गोळी आमच्या हिरव्या यादीत नाय. ती म्हणाली, अहो चघळायची साधी गोळी, फुकट आहे. फुकट आहे म्हणूनच विश्वास नाय. मी विचारलं, आमचा रिपोर्ट चौदा पानांचा, तुमच्याकडं किती पानं? तिने फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी
अक्षदा ओट्स थुंकते. घरच्या शेळीने मात्र वाटी चाटूनपुसून खाल्ली. आई हे सांगताना हसत होती. मला यात हसण्यासारखं काय दिसलं नाय. तीन डबे साडेआठशेचे आहेत.

१८ फेब्रुवारी
आठ किलो नऊशे. स्नेहलचा आवाज बसलेला. मी धीर दिला. यीस्ट मरायला लागलं की वजन आधी उतरतं, मॅडमनी सांगितलंय. मेलेलं यीस्ट अर्धा किलो धरलं तर पोरगी आहे तेवढीच आहे. ती हं म्हणाली.
जेवताना दादाभाऊ म्हणाला, अमृत, पोरीला खायला घाल. बास, एवढंच. दुसऱ्याच्या घरात किती बोलावं हे काही माणसांना कळत नाय. मी ताट सोडून उठलो.

२० फेब्रुवारी, दुपार
अक्षदा फोनवर आली. बाबा, केळं दे. मी म्हटलं, केळं बाऊ आहे. ती थांबली, नि म्हणाली, मग अर्दं दे.
डोळ्यात वाळू गेली. इथं वाळू लई आहे. दुपारभर बकेट नीट पडत नव्हती.
निश्चय: दर रविवारी अर्ध्या केळ्याला परवानगी. आधी टेस्टच्या कंपनीला विचारून.

२३ फेब्रुवारी
सकाळपासून अकरा फोन, स्नेहल उचलत नाय. बाराव्याला ऋषीने उचलला. दाजी, ताई परवा पोरीला घेऊन लोणीला आली. आज सकाळी पोरगी उठून बसंना, मान टाकाय लागली. मंचरला दवाखान्यात आणलीय, ॲडमिट केली.
मी खाली उतरलो. चालू मशीन तसंच.
ऋषी बोलतच होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही खाते काय? स्नेहलने यादी पुढं केली. बाईंनी कागद वाचला, मग उलटा करून मागं बघितलं, खायच्या वस्तू तिकडं असतील म्हणून. मागं कोरं. पोटात जंत आहेत नि पोर उपाशी आहे, म्हणाल्या. चौदा दिवस पोरांच्या वॉर्डात ठेवायची. दूध, अंडी, केळी द्यायची.
सगळं लालच. मी म्हटलं, पण ऋषी, रिपोर्ट... तो म्हणाला, दाजी, तो रिपोर्ट घाला तुमच्या डिझेलच्या टाकीत.

२४ फेब्रुवारी
आईला फोन केला. निदान तिने तरी बाजू घ्यावी. म्हटलं सांग त्यांना, तू स्वतःच्या हाताने केस कापले, टेस्ट खरी आहे. आई म्हणाली, जावळाला हात लावायचा धीर झाला न्हाई रं. शेळीचे धाडले. दाढीचे.
मी म्हटलं, मग इतके दिवस तोंड का उघडलं नाय? तर म्हणे, तू वरडायचा थांबलास कवा, म्हंजी मी सांगनार? चोरून आंबील पाजत व्हते, सूनबाईनं बघितलं. वाटी हातातनं घेतली नि रडाय लागली, आत्या, नका, रिपोर्ट हाय.
फोन ठेवला.
मग कंपनीला लावला. चूक त्यांची आहे. माणूस का जनावर एवढं तर कळायला पाहिजे. तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, सर, पेट्ससाठी आमचं वेगळं किट आहे, वीस टक्के ऑफ चालू आहे.
एक मात्र आहे. घासाचं बरोबर आलं होतं. म्हणजे टेस्ट खोटी नाय.

२६ फेब्रुवारी
स्नेहल बोलली. भांडली नाय. म्हणाली, उठून बसती आता, आज आख्खं अंडं खाल्लं. मग म्हणाली, तुमी या. मी म्हटलं, बघतो. म्हणाली, बघू नका, या. तिच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर तयार ठेवलं होतं, एक पण कामी आलं नाय.
साहेबाने आठ दिवस सुट्टी दिली. एकाच फटक्यात, मलाच नवल वाटलं. भुजवरून पुण्याचं तिकीट काढलं, स्लीपर, पाचशे वीस. दादाभाऊने पाठीवर थाप मारली.
निश्चय: सरळ वॉर्डात जायचं. कुणाला काय समजावत बसायचं नाय. अक्षदाला उचलून घ्यायचं, बास.

२८ फेब्रुवारी
वॉर्डातून व्हिडिओ कॉल. नऊ किलो शंभर! अक्षदा खाटेवर बसलेली, गालाला जरा रंग. स्नेहलने फोन तिच्यासमोर धरला, बघ कोण, बाबा हायेत, परवा येणार तुझ्याकडं. अक्षदाने माझ्याकडं बघितलं, नि हातातलं केळं पाठीमागं लपवलं.
स्नेहल म्हणाली, लाजती ती. मी म्हटलं, हो, लाजते.

१ मार्च, सकाळ
गाडी संध्याकाळची आहे. पण शांत डोक्याने विचार केला. आठ दिवस गेलो तर माझ्या मशीनवर दुसरा बसणार. वर्षातली ही तिसरी नोकरी, पोरीसाठी ही तरी टिकवली पाहिजे. शिवाय त्या वॉर्डात बायांनाच राहू देत असतील. आणि समजा मला बघून तिने खायचं थांबवलं तर? तसं काय नाय ते, पण वजन आत्ताच वर निघालंय, कशाला मध्ये जा.
साहेब म्हणाला, दिलेली सुट्टी कोण परत करतं का वेड्या.
दादाभाऊला सांगितलं नाय. स्नेहलला मेसेज करतो, फोनवर तिला नीट ऐकू जात नाय. दवाखाना सुटला की नक्की जायचं. जावंच लागेल. पगार दहा तारखेला होतो, तोवर खात्यात काय नाय. तिकीट रद्द केल्याचे कापून जेवढे परत आले तेवढे आत्ता पाठवतोय.
दोनशे साठ रुपये.