पूर्ण कायदेशीर डिकी

२ मार्च, रविवार
सीमेपलीकडून लेकीचा फोन. डॉक्टरांनी बाळंतपणाची वीस तारीख दिली आहे. जावई बोटीवर, महिनाअखेरीशिवाय जमिनीला लागत नाही. घर गावाबाहेर चढावर, टॅक्सीवाला फोन उचलेलच असं नाही. गाडी दारात उभी आहे, पण स्टिअरिंग आणि पोट यांच्यात आता जागाच उरली नाही म्हणाली. मी तिथल्या तिथे शब्द दिला. बाळा, तुला हॉस्पिटलात तुझा बाप नेणार, आपल्या गाडीतून. तिला भरून आलं असणार. मग म्हणाली, बाबा, तुम्ही दोघं ट्रेनने या ना, गाडी इथे आहेच. भरून आल्यावर माणूस काहीही बोलतो.

शनिवारी पहाटे निघायचं. सौ.ने लगेच माळ्यावरून बॅग काढली. तिच्या मते तयारी म्हणजे बॅग.

सायंकाळी
इंटरनेटवर बसलो. बरं झालं बसलो. सीमेपलीकडे गाडी न्यायची तर काय काय बरोबर ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे, हे वाचून थक्क झालो. धोक्याचा त्रिकोण. चमकणारी जॅकेटं, माणशी एक. प्रथमोपचार पेटी. आग विझवायचा सिलिंडर. जादा बल्ब. शिवाय तिकडे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूने चालतात, म्हणून हेडलाइटला लावायचे स्टिकर. आपल्या डिकीत काय आहे ते खाली जाऊन पाहिलं. एक छत्री. तीही उघडत नाही.

५ मार्च, बुधवार
मेहुणा आला होता. टायरच्या धंद्यापायी महिन्यातून दोनदा पलीकडे जातो. गाडीत काय ठेवतोस विचारलं तर म्हणे पाण्याची बाटली. आजवर कुणी काही विचारलं नाही म्हणे. अजून पकडला गेला नाही हेच याचं भांडवल. सौ. त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

जाताना म्हणाला, भावजी, खरं सांगा, उलट्या बाजूने चालवायची धास्ती वाटतेय का? मी हसलो. बराच वेळ हसलो.

८ मार्च, शनिवार
आज निघायचं होतं. निघालो नाही. कारण साधं आहे. बल्ब चुकीच्या प्रकारचे आले. दुकानदाराचा दोष. बुधवारी पक्कं.

तेवढ्यात जॅकेटांचा हिशेब केला. मी, सौ., लेक. आणि बाळ? कायदा माणशी एक म्हणतो. बाळ माणूस आहे. दुकानात नवजात मापाचं जॅकेट मागितलं तर दुकानदाराने आतून बायकोला बोलावून मला पुन्हा मागायला लावलं. चार वर्षांच्या मुलाचं मिळालं, ते घेतलं. सौ.चं म्हणणं, बाळ एक तर पोटात असेल, नाहीतर दवाखान्यात. महामार्गावर उतरून ते कशाला उभं राहील? तिला कायद्याची भाषा समजत नाही.

१० मार्च, सोमवार
ऑफिसात रजेचा अर्ज पुन्हा बदलून दिला. साहेबांनी आधी अर्जाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मुलगी एकटी आहे ना हो, म्हणाले. म्हणूनच तर, म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये सराव केला. इथे आगीची ड्रिल मीच घेतो, त्यामुळे बघायला गर्दी जमते. गाडी बंद पडली असं समजून जॅकेट घातलं, त्रिकोण जोडला, मोजून पावलं टाकत मागे गेलो आणि तो मांडला. टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार करत असताना साहेबांची गाडी त्रिकोणावरून गेली. इतका चकचकीत त्रिकोण दिसला नाही म्हणाले. यातून सिद्ध काय होतं? एक त्रिकोण पुरत नाही. दोन मागवले. गुरुवारी येतील. म्हणजे बुधवार गेला.

१३ मार्च, गुरुवार
अस्वस्थ. काल रात्रभर एक ट्रक समोरून येत होता, स्वप्नात. मी माझ्या बाजूला होतो, पण ती माझी बाजू नव्हती. घाम फुटून उठलो. त्याचा प्रवासाशी काही संबंध नाही, जेवण उशिरा झालं होतं.

सकाळपासून तीनदा खाली जाऊन डिकी पाहून आलो. चौथ्यांदा निघालो तेव्हा सौ. दारात उभी. काही बोलली नाही. ती बोलते ते परवडतं.

दुपारी लेकीचा फोन. निघालात का? पाय सुजलेत म्हणाली. झोप लागत नाही, खुर्चीतच बसून असते, दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. बाबा, खरंच भीती वाटते हो. तिचा आवाज शाळेच्या पहिल्या दिवशीसारखा झाला होता. म्हणालो, बाळा, सगळं जमत आलंय, फक्त हेडलाइटचे स्टिकर राहिलेत. तिने फोन आईला द्यायला सांगितला.

स्टिकर लावले. तिरके लागले. काढले. पुन्हा लावले. अजून तिरके.

१४ मार्च, शुक्रवार
शेवटच्या क्षणी एक कलम सापडलं. चष्मेवाल्या चालकाने जादा चष्मा बाळगावा. सौ.ने कपाळाला हात लावला. पण मी शांत. ड्रॉवरमध्ये जुना चष्मा होताच. पेटीत ठेवला. माझ्यासारख्या माणसाला शेवटच्या क्षणाची भीती नसते.

उद्या निघणार. आता ब्रह्मदेव आला तरी थांबत नाही.

१५ मार्च, शनिवार, सकाळ, वाटेत चहाला थांबलो तेव्हा
निघालो! डिकी काठोकाठ. मागची सीटही भरली, कारण जॅकेटं आणि सिलिंडर हाताशी असावे लागतात. सौ.ची बॅग कुठे मावेना, तिने मांडीवर घेतली. बाळाची दुपटी त्यातच आहेत. चार तास मांडीवर बॅग. पण तक्रार केली नाही. निघालो याचाच तिला आनंद झालेला दिसतो. वाटेत दोनदा माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी!

दुपार, सीमेवर
लिहितोय. रागाने.

रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला. अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिले आणि हाताने जा म्हणून खूण केली. बस्स. डिकीकडे ढुंकून पाहिलं नाही. मागचा, पुढचा, सगळ्यांना तीच खूण. मेहुण्यासारख्या माणसाला आणि मला एकच खूण! गाडी पुढे घेतली, पण घशाखाली उतरेना. समोर रस्ता दुभंगून पलीकडच्या बाजूला जात होता. तिथून एक ट्रक येत होता. म्हटलं, असं चोरासारखं जायचं नाही. बाजूला घेतली आणि चालत परत गेलो.

साहेब, म्हटलं, तपासून घ्या. तो म्हणाला, गरज नाही. मी म्हटलं, कायदा आहे. सौ. खिडकीतून हाका मारत होती. शेवटी तो आला. एकेक वस्तू काढून दाखवली. लहान जॅकेट पाहून त्याने मूल कुठे आहे विचारलं. अजून व्हायचंय म्हटलं. त्याने जॅकेट घडी करून परत ठेवलं. सगळं ठीक आहे, जा, म्हणाला. मी म्हटलं, चष्मा राहिला.

त्याने उसासा टाकला. घाला, म्हणाला, आणि ती समोरची पाटी वाचा.

जुना चष्मा घातला. पाटी कुठे आहे ते विचारावं लागलं.

तो म्हणाला, आता तुम्हीच दाखवलंत, मला दिसलं नाही असं कसं म्हणू? बरोबर नंबरचा दुसरा चष्मा आणा, नाहीतर बाईंना चालवू द्या. चष्म्याचं दुकान अलीकडच्या गावात, उघडतं सोमवारी.

सौ. म्हणाली, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग म्हणाली, किल्ली द्या, मी चालवते. लग्नाआधी भावाचा टेम्पो चालवायची ती. टेम्पो वेगळा, परदेश वेगळा. म्हटलं, उलट्या बाजूने तू कधी चालवलीस? ती म्हणाली, तुम्ही कधी चालवलीत?

यावर माझ्याकडे उत्तर होतं. शब्द जुळेपर्यंत ती खाली उतरली होती. पलीकडे जाणारी बस कागदांवर शिक्के मारून निघत होती, तिच्यात चढली. बॅग मांडीवरच होती, त्यामुळे वेळ लागला नाही. मुलीसाठी जीव तुटतो, अशा वेळी बायका तर्काने चालत नाहीत. लागेल बिचारीला रस्त्यात माझी गरज.

संध्याकाळ
लॉजवर आहे. खोलीत पलंग, खिडकी, मध्ये चार पावलं. खिडकीतून गाडी दिसते. दोनदा खाली जाऊन आलो. सोमवारी चष्मा, दुपारपर्यंत लेकीच्या दारात. वीस तारखेला अजून भरपूर अवकाश आहे. डॉक्टर काही उगाच तारीख देत नाहीत.

१६ मार्च, रविवार
मुलगी झाली.

पहाटेच लेकीला कळा सुरू झाल्या. टॅक्सीवाल्याने फोन उचलला नाही. सौ. काल रात्री पोचली होती. तिने खुंटीवरची किल्ली घेतली, लेकीला मागे आडवं केलं आणि उतारावरून गाडी खाली काढली. उलट्या बाजूने. लेक मागून ओरडत होती आणि ही म्हणे तिला गाणं म्हणून दाखवत होती. हॉस्पिटलच्या पायरीशी गाडी लावली ती अगदी दोन रेघांच्या मधे, असं नर्सने सांगितलं म्हणे. अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं, असंही नर्सने सांगितलं. दोघी सुखरूप.

हे सगळं सौ.नेच फोनवर सांगितलं. मी विचारलं, त्या गाडीत त्रिकोण होता का? ती म्हणाली, नाक तुमच्यावर गेलंय. आणि फोन ठेवला.

आनंद झाला आहे. फार आनंद. पण बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. लॉजच्या मॅनेजरला सांगितलं, मी आजोबा झालो. त्याने विचारलं, मग तुम्ही इथे काय करताय? परिस्थिती समजावून सांगितली. त्याला कळली नाही. मलाही सांगताना मध्येच कुठेतरी सुटली.

तिला मी नेणार होतो. शब्द दिला होता.

१७ मार्च, सोमवार
चष्मा झाला. दोन केले. आता माझ्याकडे चालू नंबरचे एकूण तीन आहेत.

सीमेवर दुसरा अधिकारी होता. हाताने जा म्हणाला. गेलो.

रस्ता दुभंगला, मी पलीकडच्या बाजूला आलो. सुरुवात चांगली झाली. वेग बेताचा ठेवला. मागून हॉर्न वाजत होते, तिकडची पद्धत असावी. मग एक गोल चौक आला. त्यात शिरलो, पण बाहेर कुठून पडायचं ते समजेना. फिरत राहिलो. एका म्हातारीने फुटपाथवरून मला हात केला, पुढच्या फेरीला पुन्हा केला. शेवटी जो रस्ता समोर आला तो धरला. तो पेट्रोल पंपात शिरत होता.

तिथे थांबलो. इंजिन बंद केलं. पाय बराच वेळ ब्रेकवरून उचलता येईना.

मग जॅकेट घातलं, गाडीच्या मागे त्रिकोण मांडला. हे मात्र सगळं शास्त्रशुद्ध झालं. पंपावरच्या माणसाने येऊन विचारलं, गाडीला काय झालं? गाडीला काही झालेलं नाही म्हटलं. पंपासमोरच बसचा थांबा होता. चार दिवस गाडी इथे राहू दे अशी त्याला विनंती केली आणि बसमध्ये बसलो. बसमधल्या लोकांनी जागा करून दिली. जॅकेट काढायचं राहिलं होतं, त्यांना मी कुणी कर्मचारी वाटलो.

२० मार्च, गुरुवार
डॉक्टरांनी दिलेली तारीख आज. आज घरी सोडलं. नात चार दिवस आधीच येऊन मोकळी झाली. आमच्या घराण्यात वेळेच्या आधी पोचणारी ती पहिलीच.

लेकीने मला पाहिलं त्या दिवशी काही विचारलं नाही, आजही नाही. मी आपणहून सांगायला लागलो की म्हणते, असू दे बाबा, आलात ना. हे असू दे फार जड जातं. रागावली असती तर चष्म्याचं कलम नीट समजावता आलं असतं.

सौ.ने लेकीची गाडी हॉस्पिटलच्या दाराशी आणून लावली. मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेलो, ते इथे उलट्या अंगाला असल्यामुळे भलत्याच दाराशी पोचलो. लेक म्हणाली, आई चालवेल. सहज म्हणाली. सौ. तोपर्यंत बसलीही होती. मी मागे बसलो, नातीच्या पाळणासीटच्या शेजारी. मूठ एवढीशी, आणि नाक खरंच माझं. पुढे वळण अवघड आहे, एवढंच सुचवायला तोंड उघडलं तर लेकीने ओठांवर बोट ठेवलं. नात झोपली होती.

सौ.ने इंजिन सुरू केलं, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, बेल्ट लावलात का?

लावला नव्हता. मी तो लावेपर्यंत तिने गाडी हलवली नाही.