राष्ट्रीय उद्यानातली माझी गुप्त वाट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच मानून घे). तुझी, भाऊजींची आणि घरी आल्यागेल्यांची प्रकृती ठीक असावी.

इकडचं कळवण्यासारखं एवढंच, की तुझ्या भावाने पुन्हा अक्कल पाजळली. तुझ्या भावजयीला गाडीतून राष्ट्रीय उद्यान दाखवायचं ठरवलं. तिची मागणी एवढीशी होती: वर्गातला कलकलाट ऐकून कान किटलेत, तिथल्या तळ्याकाठी तासभर कुणी बोललं नाही म्हणजे झालं. आता बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात ज्याचे केस गेले, त्याला गर्दी चुकवणं म्हणजे हातचा मळ. (आमच्या बस वेळेवर सुटत नाहीत, ही मुद्दाम आठवण करून देऊ नकोस.) मी नकाशा पसरला. लोक भल्या सकाळी पुढच्या दरवाज्यातून घुसतात. म्हणून आपण जायचं मागच्या दरवाज्याने, भर दुपारी, सगळे डबे उघडून बसलेले असताना. योजना इतकी देखणी झाली की पोटात राहीना. डेपोतल्या मेकॅनिकला सांगितली, न्हाव्याला सांगितली (मान त्याच्या हातात असताना मला गप्प बसवत नाही), शेजाऱ्यांना सांगितली, आणि हिला शाळेत सोडायला गेलो तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनाही. प्रत्येकाला बजावलं, "कुणाला सांगू नका हं." माणसं शब्दाची इतकी पक्की, की कुणीच कुणाला सांगितलं नाही. सगळे आपापले आले.

मागच्या दरवाज्याशी गाड्यांची ही रांग! खिडक्याखिडक्यांतून हात हलत होते, तेही मलाच. न्हावी सहकुटुंब, मेकॅनिक सासूसह. पुढची वाट एका गाडीपुरती. आतल्यांना बाहेर यायचं, बाहेरच्यांना आत. मी उतरून हातवारे करू लागलो, आणि ज्याला "डावीकडे घ्या" म्हटलं त्याचं चाक चरात गेलं. त्याची गाडी ढकलताना माझी कंबर गेली. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंची गाडी तापली. मी पडलो भिडस्त; त्यांना आमच्या मागच्या सीटवर बसवलं. तळं येईपर्यंत त्या तपासायच्या राहिलेल्या पेपरांविषयी बोलल्या, तळं आल्यावर हिला द्यायच्या जादा तासांविषयी. हिने एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. निघताना वनरक्षक म्हणाला, "साहेब, पुढच्या दरवाज्याने यायचं ना! तिकडे आज कुत्रंसुद्धा फिरकलं नाही." मी त्याचे आभार मानले.

कळावे. लोभ आहेच, पण या खेपेला जरा जास्त लागेल.

तुझा,
अतिशहाणा भाऊ

ता. क. : यातलं बरंचसं तुला आधीच कळलं असणार, कारण "ताईंकडे तरी शांतता असते" म्हणून ही दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडे निघून आली. तेव्हा पत्र मोठ्याने वाचू नकोस. ओट्यावर उघडं ठेव, तिच्या नजरेला पडेल असं. (मुख्याध्यापिकाबाईंना तुझा पत्ता दिलेला नाही, हेही तिच्या कानावर जाऊ दे.)

पुन्हा ता. क. : पुढचं तिच्यासाठी. अगं, गर्दी टाळणं मला शेवटी साधलं. घरात चिटपाखरू नाही. मला हे मुळीच आवडत नाही. ये ना आता.