सांजेची घंटा आणि राकेलच्या तीन फेऱ्या

जुझे,

सगळ्यांत आधी दाराशी आली ती नेउस. खांद्यावर हे एवढं गाठोडं, पायांत बूट, आणि मधल्या भागात कापडाची इतकी टंचाई की समोरची कार्मना जिना पुसायची थांबली ती थांबलीच. (बादलीत बोळा बुडवून अर्धा तास उभी होती, मी पडद्याआडून बघत होते.) तिच्यामागून आला तिला पळायला शिकवणारा गिफ्रे मास्तर, काडीसारखा, गळ्यात घड्याळ लटकवलेला. आल्या आल्या माझ्या अंगणाची लांबी पावलांनी मोजायला लागला. आणि मग... पण थांब, आधी रीत पाळते, नाहीतर आईचा आत्मा मला झोपू देणार नाही.

तू, तुझा नेनू, पोरं, नातवंडं सगळी ठणठणीत असाल, देव तुम्हाला तिकडे मेलबर्नमध्ये तसंच ठेवो. नेनूचा गुडघा कसा आहे? त्याला सांग, कोमट तेल चोळ आणि डॉक्टरचं अर्धंच ऐक. मी बरी आहे. म्हणजे संतापाने अन्न पचत नाही, पण दोन्ही वेळा जेवते. अक्षर वाकडं येईल ते समजून घे. मी शाळेत गेले दुसरीपर्यंत, त्यातलंही अर्धं वर्ष बाईंच्या शेळीमागे पळण्यात गेलं (ती शेळी सोडायचं कोण, हे तुला चांगलं माहीत आहे).

तर झालं काय, की युरोपातल्या देशांची पळण्याची, उड्यांची आणि फेकाफेकीची जी स्पर्धा असते, ती ह्या वर्षी आपल्याकडे. म्हणजे आपल्या गटाची. आपला गट सगळ्यांत खालचा, तुझ्यापासून काय लपवायचं. ह्यात प्रत्येक देशाने प्रत्येक शर्यतीला एकच माणूस द्यायचा. पहिला येईल त्याच्या देशाला जास्त गुण, शेवटच्यालाही एक, आणि मग सगळ्यांचे गुण एकाच पातेल्यात. गोळा फेकणारा तो धटिंगण आणि आपली राकेल (माझ्या दोरिसची मधली गं, तू बाप्तिस्म्याला फ्रॉक पाठवलेली), दोघांचं मिळून एकच कालवण. वरचे तीन देश वरच्या गटात जाणार. आपण आजवर कधी गेलो नाही. ह्या वेळी जाणार, असं पेपरात होतं म्हणे. राकेलने मला वाचून दाखवलं, दोनदा.

ह्या नेउसचा देश म्हणजे अँडोरा. डोंगरातला, पण आपल्यासारखाच नकाशावर बोट ठेवलं की झाकला जाणारा. त्यांच्या हॉटेलवाल्याने त्याच खोल्या एका लग्नाच्या वऱ्हाडालाही देऊन ठेवल्या होत्या. (त्या माणसाला मी ओळखत नाही, ओळखायची इच्छाही नाही, पण त्याच्या सुपात माशी पडो.) मग आपल्या पाद्रीबाबांनी वेदीवरून विचारलं, कोण घरात घेईल? मी हात वर केला. मला काय ठाऊक, की ही नेउस नेमकी राकेलच्याच शर्यतीत, पाच हजार मीटरमध्ये! राकेल लालबुंद झाली. ‘आजी, शत्रूला घरात घेतलंस? वर सशाचा रस्सा?’ मी म्हटलं, बाळे, ती उपाशी पळाली आणि तू जिंकलीस, तर त्यात कसली मर्दुमकी? नेउसने तीन वेळा रस्सा मागून घेतला. आमचं बोलणं हातवाऱ्यांचं, आणि थोडं मला टीव्हीमुळे येतं त्या इटालियनमध्ये. तो मास्तर मात्र घास सुद्धा मोजून खायचा. जेवताना त्याने टेबलावर चमचा ठेवला, त्याच्या अगदी पाठीला काटा लावला, आणि दोन्ही बटरच्या ताटलीभोवती गोल गोल फिरवले. शेवटच्या वळणावर काटा पुढे. चमचा म्हणजे आपली राकेल, हे मला पहिल्याच फेरीत कळलं. पण घरातल्या पाहुण्याचा डाव फोडायचा नसतो, म्हणून मी तो चमचा घासायला नेला.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे येते. वाटाणेवाल्यांचा विस्तिन! हो, तोच, आपल्या चर्चचा घंटावाला. एक्कावन्न वर्षं सकाळ, दुपार, सांज घंटा वाजवली म्हणून गावाने त्याला डोक्यावर बसवलेला. लांबच्या शर्यतीत शेवटची फेरी सुरू झाली की घंटा वाजवतात, हे तुला ठाऊक असेल. मैदानवाल्यांची घंटा आणताना कोणीतरी गाडीतून पाडली, ती तडकली. म्हणून त्यांनी चर्चची हातातली पितळी घंटा मागितली. विस्तिन म्हणाला, ‘घंटा हवी तर मीही येणार. ही परक्याच्या हातात वाजत नाही.’ (वाजते. दोरिसच्या लग्नात मी वाजवली होती.) झालं, त्याला कोट घालून, छातीवर बिल्ला लावून, शेवटच्या रेषेशी खुर्ची दिली. शेजारी एक फळ्यावाला, किती फेऱ्या उरल्या त्याचे आकडे पालटणारा. तो मान डोलावेल तेव्हा विस्तिनने घंटा हलवायची. एवढं काम. कोंबडीला शिकवलं असतं तरी जमलं असतं.

पण त्याचा जीव सकाळपासून खालीवर. सांजेची घंटा वाजवायला आज चर्चमध्ये कोण? पाद्रीबाबा मैदानावर, मी मैदानावर, सगळं गाव मैदानावर. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा चुकणार म्हणून तो खुर्चीत वळवळत होता. आणि शर्यतीची वेळ कोणत्या शहाण्याने ठरवली? बरोबर सूर्य बुडायच्या वेळची!

मी कुंपणाला टेकून, त्याच्या अगदी मागे, जपमाळेवर फेऱ्या मोजत होते. राकेल चौथी पळत होती, पाठीला चिकटून नेउस, अगदी काट्यासारखी. चौथी राहिली असती तरी पुरे होतं, पातेलं भरलं असतं. तीन फेऱ्या उरल्या होत्या. सूर्य चर्चच्या घुमटामागे गेला, आणि ह्या विस्तिनने काय करावं? उठला, टोपी काढली आणि वाजवली. टण् टण् टण्. थांबला. परत टण् टण् टण्. फळ्यावाला त्याच वेळी पाण्याची बाटली उघडत बसलेला!

आणि गाव काय करतं सांग? सांजेच्या प्रार्थनेची घंटा झाली, गाव उभं राहिलं. बायांनी क्रूस केला, पुरुषांनी टोप्या काढल्या, पाद्रीबाबांनी तिथल्या तिथे ‘नमो मारिया’ सुरू केलं आणि आम्ही सगळे माना खाली घालून पुटपुटायला लागलो. परदेशी लोकांना वाटलं, शेवटची फेरी म्हणून लोक उठलेत, तर तेही उठून बोंबलायला लागले. खाली मान घातलेली मी, वरून हा कल्ला, आणि मधेच बूट धडधडत गेल्याचा आवाज. मान वर करून बघते तर राकेल! डोळे फिरवून, केस सोडून, पुढच्या तिघींना मागे टाकून सुटलेली. आणि तिच्यामागे नेउस, कारण मास्तरने सांगितलेलं ना, पाठ सोडायची नाही. बाकीच्या पोरी फळा बघून आपल्या चालीने पळत होत्या. ह्या दोघी रेषेवर पोचल्या, हात वर केले, आणि पिठाच्या पोत्यांसारख्या आडव्या झाल्या.

मग कुणीतरी येऊन सांगितलं, बायांनो, अजून दोन फेऱ्या आहेत.

उठल्या गं त्या. राकेल आधी चार पायांवर, मग दोन. नेउस तिच्याकडे बघते, ही नेउसकडे बघते, आणि निघाल्या दोघी, पोटाला हात लावून, बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या. एकेक करून सगळ्या पुढे गेल्या. राकेल चौथीची शेवटून दुसरी झाली आणि नेउस शेवटची. आपण सगळ्या देशांत चौथे. दोन गुणांनी! दोन!

मी तक्रारीला गेले. राकेलचा शिक्षक नको नको म्हणत होता, त्याला बाजूला सारलं. टेबलामागे तीन साहेब, सगळे परदेशी. मधला म्हणतो, फळ्यावर आकडा होता, पळणाऱ्याने फळा वाचायचा असतो. मी म्हटलं, साहेब, ज्या गावात माणसं सत्तर वर्षं फळा न वाचता घंटेवर उठली, जेवली आणि झोपली, तिथे येऊन फळा शिकवता? मी पाव तास बोलले. भाषांतर करणाऱ्या मुलीने ते तीन शब्दांत सांगितलं आणि साहेब हसला. म्हणजे तिने शिव्या गाळल्या. आजकालच्या मुलींना कामाची लाज नाही.

घरी आल्यावर रडारड होईल म्हणून मी मोठं पातेलंभर सूप केलं, तर ह्या दोघी ओसरीवर बसून एकमेकींची नक्कल करत हसत होत्या. राकेल आडवी पडून दाखवते, नेउस पडून दाखवते. मास्तर एकटा कोपऱ्यात बसून घड्याळाकडे बघत होता, त्याला मी खजुराची तळलेली वडी दिली. राकेल मला म्हणते, ‘आजी, विस्तिनकाकांना एक शब्द बोलायचा नाही.’ दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्याच्या दाराशी गेली. त्याने उघडलं नाही.

शर्यतीच्या संध्याकाळीच त्याने चर्चच्या किल्ल्या पाद्रीबाबांच्या हातात ठेवल्या आणि घरात जाऊन कडी लावली. आज अकरा दिवस झाले. घंटा पाद्रीबाबा वाजवतात, म्हणजे आठवेल तेव्हा. काल दुपारची तीन वाजता झाली, माझी मॅकरोनी जळाली. आता ते इटलीहून यंत्र आणवणार आहेत. बटण दाबलं की आपोआप वाजते. माप घ्यायला माणूस सोमवारी येतोय. यंत्र लागलं की विस्तिन संपला, हे सगळ्यांना कळतंय. आणि झालं तर झालं! मला काय त्याचं? माझ्या नातीच्या तोंडचा घास त्याने काढला. तू त्याला दर नाताळला कार्ड पाठवतेस ना? ह्या वर्षी पाठवू नकोस. त्याचं नावही मला पत्रात लिहून धाडू नकोस.

सगळ्यांना आशीर्वाद. थोरलीच्या पोटावरून माझा हात फिरवला म्हणून समज.

तुझी रागावलेली बहीण,
चेत्ता

ता. क. – विस्तिनचा फोन नंबर मागच्या पानावर राकेलकडून लिहून घेतला आहे. त्याला सोमवारच्या आत फोन कर. त्याला सांग, किल्ल्या परत घे. तो माझं ऐकत नाही.

आणखी एक – माझं का ऐकत नाही, तेही सांगून टाकते. (हे दोरिसला कळवू नकोस.) मी त्याच्या अगदी मागे होते, लिहिलं ना. फेऱ्या तीन उरल्यात हे माझ्या माळेवर मला ठाऊक होतं. पण घुमटामागे सूर्य गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘विस्तिन, बुडाला रे सूर्य, वाजव की!’ मीच म्हटलं, जुझे. त्याने मागे वळूनही बघितलं नाही, लगेच उठला. परवा मी त्याच्या दाराबाहेर उभी राहून ओरडून सांगितलं, मीच म्हटलं होतं, मी गावाला सांगते. आतून म्हणाला, ‘घंटा तुझ्या हातात नव्हती, चेत्ता.’ गाढव.

आणखी एक, आणि हे नेनूला वाचून दाखवू नकोस. तू म्हणशील, ‘तुझं ऐकत नाही, तर माझं तरी त्याने का ऐकावं?’ आपल्या वेळी सांजेची घंटा झाली की पोरींनी उंबऱ्याच्या आत असायचं. आठवतं, त्या उन्हाळ्यात तू विहिरीजवळ नेनूशी बोलत उभी असायचीस आणि घंटा काही केल्या व्हायची नाही? बाबा खिडकीतून आभाळ बघायचे, काळोख पडत आलेला, पण घंटा नाही म्हणजे सांज नाही, म्हणून बिचारे गप्प. तुला वाटायचं, विस्तिन आळशी आहे. मनोऱ्यावरून विहीर सरळ दिसते. तू घराकडे वळलीस की तो दोर ओढायचा. तू कोणाशी बोलतेस हेही त्याला तिथून दिसत होतं. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, मी खालून बघितलं होतं. फोन कर.

शेवटचं – नेउस आणि मास्तर गेले. नेउसला मनोऱ्यावरची मोठी घंटा ऐकायची आहे, आणि राकेलने तिला सांगून ठेवलंय की ती विस्तिनकाकाच वाजवतात. गावच्या जत्रेला दोघं परत येणार आहेत, ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी.