एल्माचे वजन आणि डोरीनचा रस्ता

मी, रीनो मॅटियस हापाला, वय वर्षे ब्याऐंशी, शाळेच्या बॉयलरखान्यातून निवृत्त, राहणार टेकडीवरचे शेवटचे घर, टामरॅक हिल, मिशिगन राज्याचा वरचा द्वीपकल्प, आज डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. हृदय तितकेसे ठिकाणावर नाही असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. पण मृत्युपत्राला डोके पुरते, हे मी वकीलबाईंना विचारून घेतले आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी बायको एल्मा, आणि ती २०११ च्या मे महिन्यात गेली. याआधी मी असले काही लिहिले असेल तर ते रद्द समजावे.

कलम पहिले. राहते घर, त्यामागची सॉना (वाफेने घाम काढायची लाकडी खोली) आणि लाकडाची खोपटी माझी मुलगी मार्लीन हिला द्यावी. ती अ‍ॅरिझोनात राहते, जिथे बर्फ फक्त पेल्यात असतो. ती घर विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझा राग नाही. फक्त विकण्याआधी एका शनिवारी तिने सॉना तापवावी आणि लहानपणी बसायची तशी वरच्या फळीवर बसावे. ही अट तिने पाळली नाही तरी घर तिचेच, पण मला वाईट वाटेल.

कलम दुसरे. बँकेत जे असेल तेही मार्लीनचे. त्यावरून भांडायला कुणी येईल इतके ते नाही.

कलम तिसरे. माझी सगळी हत्यारे गावच्या शाळेच्या कार्यशाळेला द्यावीत. पाने आकाराप्रमाणे टांगावेत, डब्यात कोंबू नयेत. चर्चच्या बांधकाम समितीला माझा मोठा पाइप-पाना कोणत्याही कारणाने देऊ नये. १९८८ साली त्यांनी तो नेला, वाकवून आणला, आणि वर "असाच होता की" म्हणाले. तो असा नव्हता.

कलम चौथे. ट्रॅक्टर. हे कलम लांब आहे. ज्याला घाई असेल त्याने पाचवे वाचावे.

हा बागेतला छोटा ट्रॅक्टर मी २००० सालच्या शरद ऋतूत घेतला आणि पुढे बर्फ रेटायचे पाते बसवले. आमच्या दारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत पाव मैलाचा उतार आहे, आणि मध्यावर क्लेटन बोद्री आणि त्याची बायको डोरीन यांचे घर. क्लेटन सरकारी बर्फगाडीवर ड्रायव्हर होता. तो पहाटे तीनला दुनियेचे रस्ते मोकळे करायला जायचा आणि त्याचा स्वतःचा रस्ता गाडलेला राहायचा. म्हणून हा उतार आमच्याकडे आला.

पहिल्याच बर्फात ट्रॅक्टरची मागची चाके जागच्या जागी गरगरायला लागली. मी बॉयलरवाला. जिथे काम तिथे जोर, ही माझी अक्कल. मी वाळूची दोन पोती इंजिनाच्या झाकणावर आणि एक थेट पात्यावर ठेवले. झाले! पुढचे तोंड जड, मागची चाके आणखी हलकी. ट्रॅक्टर आडवा होऊन उतारावरून घसरत गेला आणि त्याने क्लेटनची टपालपेटी खांबासकट आडवी केली. एल्मा गाऊनवर कोट चढवून, बूट घालून धावत आली आणि किल्ली हिसकावायला माझ्या सीटमागच्या लोखंडी चौकटीवर चढली.

"उतर! आधी उतर म्हणते! डोरीनला काय तोंड दाखवू मी?"

माझा पाय अजून पेडलवरच होता. ती मागे उभी राहिली आणि चाकांनी जमीन धरली. ट्रॅक्टर आम्हा दोघांना घेऊन, पुढे बर्फाचा ढीग रेटत, सरळ निघाला.

"वजन मागं हवं, शहाण्या," ती म्हणाली.

"वाळू मागं टाकतो."

"वाळू नको. मीच उभी राहते. तुझ्यावर लक्ष तरी राहील."

हे धोक्याचे होते, कुणी करू नये. आम्ही अकरा हिवाळे केले. ती दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवायची. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर म्हणजे उजवीकडे, आणि दोन्हींवर एकदम म्हणजे "बास, थांब, कॉफी." घरातून निघताना मी आधी आमचे दार मोकळे करायला वळलो, की डोक्यावर टपली बसायची.

"डोरीनचा रस्ता आधी. आपल्याला कुठं जायचंय?"

अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. उणे वीसमध्ये, वाऱ्यात, पापण्यांवर बर्फ, आणि मागे उभी राहून गाणे म्हणते. तेही बेसूर.

२००५ साली चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी क्लेटन सगळ्यांदेखत म्हणाला, "लोक ट्रॅक्टरला लोखंड टांगतात, आमच्या रीनोनं बायको टांगलीय! बरोबरच आहे म्हणा, एवढं वजन दुकानात कुठं मिळायला?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने एल्मा हसली. मी कप ठेवला आणि बाहेर जाऊन गाडीत बसलो.

"अरे, मला नाही लागलं, तर तुला कसं लागलं?" ती वाटेत म्हणाली.

"लागलं मला."

त्या दिवसापासून मी क्लेटनशी बोललो नाही. रस्ता मात्र रोज मोकळा केला, कारण तो डोरीनचाही आहे. डोरीन टपालपेटीवर गरम पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, फडक्यात गुंडाळून ठेवायची, ती मी खायचो. पास्टीशी माझे भांडण नव्हते.

अकराव्या हिवाळ्यात, जानेवारीत, चाके परत घसरायला लागली. मी साखळ्या बदलल्या. टायरमध्ये न गोठणारे पाणी भरले. पाते उतरवून धार लावली. तरी डोरीनच्या वळणावर चाक गरगरायचेच. एके सकाळी माझा पारा चढला आणि मी मागे न बघताच ओरडलो.

"नीट उभी राहा की! नुसती टेकतेस काय?"

"उभीच आहे रे," ती म्हणाली.

मार्चमध्ये इस्पितळात नर्सने तिला काट्यावर उभे केले आणि जुन्या कागदाशी ताडून मोठ्याने वाचले: आधी एकशे अडुसष्ट पौंड, आता एकशे एकवीस. तिचे वजन मला लग्नानंतर पन्नास वर्षांत कधी कळले नव्हते. ती सांगायचीच नाही. ते मला त्या दिवशी दोन आकड्यांत कळले. जाड कोटाच्या आत ती कमी होत गेली, आणि चाकांना जे जानेवारीत समजले ते मला मार्चमध्ये समजले. मी तिच्यावर ओरडलो होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहितो.

ती गेल्यावर त्या नोव्हेंबरात मी खोपटीत ट्रॅक्टरवरची ताडपत्री काढली, तर मागे चौकटीला एक लोखंडी पेटी बसवलेली. आत रुळाचे कापलेले तुकडे, हलू नयेत म्हणून मध्ये पाचरी, वर झाकण. झाकणावर एल्माच्या अक्षरात चिठ्ठी: "बर्फाआधी लाव. मेमध्ये काढ. डोरीनचा रस्ता आधी." मी पेटी काढून धान्याच्या दुकानातल्या काट्यावर नेली. एकशे अडुसष्ट पौंड.

मी तिथेच पोत्यावर बसलो. दुकानदाराने पाणी आणून दिले.

स्वतःचे मरण समोर दिसत असताना, आपल्यामागे नवऱ्याची चाके घसरू नयेत, याची व्यवस्था करून ठेवणारी बायको! आणि आकडा खरा सांगून! तिला हे किती जड गेले असेल ते मलाच माहीत. पेटी गावातल्या वेल्डिंगवाल्याने केली असे मी धरून चाललो. एकतीस वर्षे बॉयलरवर काढलेला माणूस सांधा ओळखतो. इतका भरीव, सलग सांधा मी क्वचित पाहिला. भार नेमका चाकांच्या मागे, जमिनीपासून बेताच्या उंचीवर. त्यानंतरच्या आठ हिवाळ्यांत चाक एकदाही घसरलेले नाही.

कलम पाचवे. तीन वर्षांपासून डोरीनला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रक्त शुद्ध करून घ्यायला शहरात न्यावे लागते. साडेसहाला त्यांची गाडी निघते, म्हणजे सहाला रस्ता मोकळा हवा. त्यात चुकून चालत नाही. चुकले तर डोरीन राहणार नाही. आजवर चुकले नाही. आता डॉक्टरांनी मला या हिवाळ्यात ट्रॅक्टरवर बसायला मनाई केली आहे, आणि क्लेटनच्या स्वतःच्या गाडीचे पाते गंजून पडले आहे.

मार्लीन फोनवर म्हणाली, "बाबा, विकून टाका ना तो ट्रॅक्टर. कोण घेणार आहे?"

"घेणारा आहे गं," मी म्हणालो. "द्यायचा कसा, तेवढंच ठरत नाहीये."

तर हा ट्रॅक्टर, पाते, साखळ्या आणि मागची पेटी क्लेटन बोद्री याला द्यावी. मनापासून नव्हे, टेकडीवर दुसरे कुणी नाही. पेटी मेमध्ये काढावी, नाहीतर उन्हाळाभर फुकटचा भार वाहून मागचा अ‍ॅक्सल बसतो. चढावर पाते पार वर उचलू नये. पुढची चाके तरंगतात आणि ट्रॅक्टर वळत नाही. मोठ्या गाडीवर आयुष्य काढलेला माणूस ही चूक पहिल्याच दिवशी करेल, म्हणून लिहिले. पेटीतले लोखंड कमी किंवा जास्त करू नये. एक तुकडाही नाही.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला क्लेटन बोद्री याला बोलावू नये. (हे कलम मी आज खोडले आहे. कारण पुढे.)

कलम सातवे. हे वकीलबाईंच्या कचेरीत बसून, सही करायच्या आधी वाढवले आहे.

आज सकाळी सहा इंच बर्फ पडला. रस्ता मी मोकळा केला. डॉक्टरांना सांगू नये. इथे आलो तर दुसरा साक्षीदार बर्फात अडकलेला. वकीलबाईंनी शेजारच्या कॉफीच्या दुकानातून कुणालातरी बोलवायला माणूस पाठवला. आज गुरुवार. डोरीन दवाखान्यात, आणि दुकानात तिची वाट बघत एकटा बसलेला माणूस म्हणजे क्लेटन. तो टोपी काढून आत आला, मला बघून दारातच थबकला, तरी पुढे येऊन त्याने पेन उचलले. बाईंनी कागदावरून बोट फिरवले आणि त्याचा हात धरला.

"तुम्हाला सही करता येणार नाही. तुमचं नाव आहे यात."

"माझं? कशात?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीबाहेर. शेवटी म्हणालो, "वाचून दाखवा त्याला. चौथं आणि पाचवं. सहावं नको."

बाईंनी वाचले. क्लेटन उभाच होता. वेल्डिंगवाल्याची ओळ आली तेव्हा तो खुर्चीत बसला.

"वेल्डिंगवाला कुठला रे, म्हाताऱ्या," तो म्हणाला. चौदा वर्षांनंतरचे हे त्याचे माझ्याशी पहिले वाक्य. "ती पेटी मी केलीय, बसवलीही मीच."

"तू?"

"जानेवारीत आली होती माझ्याकडं. म्हणाली, मी काही पुढच्या हिवाळ्याला नाही, याची चाकं घसरणार. आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली. म्हणाली, क्लेटन, तुझा हात लागलाय कळलं तर फेकून देईल तो."

फेकून दिली असती. ती मला ओळखून होती.

"आकडा तरी खरा सांगितला तुला," मी म्हणालो. "मला कधी नाही सांगितला."

क्लेटनने टोपी गुडघ्यावर ठेवली. "खरा कसला! एकशे पंचेचाळीस म्हणाली. मी 'बरं बाई' म्हणालो. अकरा हिवाळे सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलंय मी, ती चढली की चौकट किती दबते ते. बर्फगाडीत वाळू भरणारा माणूस आहे मी. तेवीस पौंड गुपचूप वाढवले."

मी हसायला लागलो. मग तो. मग मी रडायला लागलो, आणि वकीलबाईंनी कागद ओला होऊ नये म्हणून बाजूला घेतला. काय डोळा आहे या माणसाचा! काय हात! आणि काय तोंड, आठ वर्षे बंद ठेवलेले! मी त्याला चौदा वर्षे शिक्षा दिली, आणि तो दर हिवाळ्यात माझ्याच पाठीमागे, लोखंडात, गप्प उभा होता.

सबब, पाचव्या कलमातले "मनापासून नव्हे" हे शब्द रद्द समजावेत. ट्रॅक्टर माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासूनच क्लेटनचा. अंत्यविधीनंतरची कॉफी त्यानेच ओतावी. परवा शनिवारी पहाटे पाचला तो किल्ली घ्यायला येणार आहे, आणि डोरीनचा रस्ता आधी, हे त्याला सांगावे लागणार नाही. मी शिकवायला बरोबर येतो म्हणालो, तर म्हणतो, "कुठं बसणार तू?" डॉक्टरांनी मला ट्रॅक्टरवर बसायला मनाई केली आहे, मागे उभे राहायला नाही. पण तिथली जागा भरलेली आहे. मी दारात उभा राहून बघेन.

हे सर्व मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

रीनो मॅटियस हापाला

साक्षीदार: व्हर्नन केस्टिला, पोस्टमन (क्लेटनची टपालपेटी २००० साली नव्याने बसवल्याचे यांना आठवते)
साक्षीदार: जूडिथ रासमुसेन, कॉफीचे दुकान

स्थळ: वकीलबाईंची कचेरी, टामरॅक हिलखालचे शहर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार