चाळीत ठेवलेले सिगार

४ मे
आजपासून तंबाखू-चुना बंद. कायमचा. पुडी गच्चीवरून खाली भिरकावली.

कारण जूनमध्ये सबनीस येणार. आमच्या संजनाने पसंत केलेल्या सुयशचे वडील. पुण्याचे, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर, काही वर्षं जर्मनीत काढलेली. त्यांनी होकार दिला की लग्न ठरलं. संजनाचा फोन आला. म्हणाली, "बाबा, त्यांच्यासमोर कांद्याचा विषय काढू नका."

मला लागलं. हिची इंजिनिअरिंगची फी काय गुलाबाच्या बागेतून भरली? लासलगावच्या कांद्यानेच भरली ना? असो. मी कांदेवाला नाहीच. मी रसिक आहे, कांद्याचा फक्त व्यापार करतो. सबनीसांना हे पहिल्या भेटीतच कळलं पाहिजे.

५ मे
खाली जाऊन पुडी शोधून आणली. सोसायटीच्या आवारात कचरा टाकणं मला पटत नाही. आहे तेवढी संपली की बंद.

९ मे
माझा मेहुणा, ज्योत्स्नाचा भाऊ मनोज, न विचारता सल्ला द्यायला आला. म्हणे, पाहुण्यांसाठी वाइन ठेवा. हा मनुष्य महिन्यातून एकदा वायनरीत जातो, ग्लास गरगर फिरवतो, त्यात नाक खुपसतो आणि म्हणतो, चेरी. आयुष्यात चेरी पाहिली ती केकवर, तीही करवंदाला रंग लावलेली. नाशकात आता कोणीही उठतो आणि वाइनवर बोलतो. माझं ठरलं आहे. सिगार. मशीनचा नव्हे, हाताने वळलेला.

१६ मे
आमच्या ट्रान्सपोर्टवाल्या शौकतभाईंचा फरहान दुबईहून आला. सांगितल्याप्रमाणे लाकडी पेटी घेऊन आला. आत पाच सिगार आणि एक ओलसर पाकीट. म्हणाला, काका, पाकीट आतच राहू द्या, सिगारला ओलावा लागतो, नाहीतर वाळून जातील.

हसू आवरलं नाही. ओलावा म्हणजे सड, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दुबईला जाऊन पोरगा कामातून गेला. पाकीट फेकून दिलं.

१७ मे
सिगार लासलगावला आपल्या कांदा साठवायच्या चाळीत नेऊन ठेवले. माल टिकवणं मला कुणी शिकवू नये. पेटी काढून टाकली, एकेक सिगार सुटा करून कांद्यांवर बांबूच्या पट्ट्या टाकून मांडला. खालून हवा, वरून हवा. चाळ सांभाळणाऱ्या धनराजला बजावलं, रोज उलटेपालटे कर, नरम लागेल तो बाजूला काढ. त्याने विचारलं, शेठ, याला भाव काय चाललाय? कोणाशी काय बोलावं.

२५ मे, संध्याकाळ
चाळीतून एक आणला होता. गच्चीवर पहिली चव घेतली. यूट्यूबवर सांगतात, धूर तोंडात घोळवायचा, छातीत घ्यायचा नाही. ते नवशिक्यांसाठी. मी घेतला.

उलटी झाली. दुपारच्या मिसळीचं पित्त.

नोट्स: सुरुवातीला मातीचा गंध. मग मसाल्याची झाक. शेवटी एक तिखट, किंचित गोडसर, फार ओळखीची चव. अगदी लहानपणापासूनची. नाव ओठांवर येतं पण सापडत नाही. तिकडच्या जमिनीचा गुण असणार.

ज्योत्स्ना म्हणाली, गच्चीवर कांद्याचा वास सुटलाय. हिला माझ्या गाडीत येतो, शर्टाला येतो, उशीला येतो. लग्न झाल्यापासून हेच ऐकतोय. मला एकदाही आलेला नाही. नुसते मनाचे खेळ.

२ जून
धनराजचा फोन. "शेठ, एक नरम लागला, तो बाजूला टाकला. बाकी माल एकदम खडखडीत हाय."

शाबास. फरहानला खडखडीत मालाचा फोटो पाठवला. त्याने कपाळाला हात लावलेलं चित्र पाठवलं. उत्तर दिलं नाही. हरलेल्या माणसाशी वाद घालू नये.

८ जून
तंबाखू सुटल्यातच जमा आहे. आता फक्त जेवणानंतर. आणि चहानंतर. आज चहा जरा जास्त झाला.

१५ जून
सबनीस येऊन गेले. मृदू बोलतात, कमी बोलतात. अशी माणसं आतून परीक्षा घेत असतात. जेवताना कच्चा कांदा दोनदा मागून घेतला. पुण्यात उपाशी ठेवतात वाटतं.

मग गच्चीवर सिगार. कटर नव्हता म्हणून सासऱ्यांचा चांदीचा अडकित्ता घेतला. पहिल्याचा भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला, सगळा मांडीवर. दुसऱ्याचंही तेच. दोष अडकित्त्याचा, सासरच्या वस्तूंचं असंच. तिसरा न कापताच सबनीसांच्या हातात दिला. त्यांनी नाकाशी नेला, थांबले, पुन्हा नेला. मी सांगायला लागलो, आधी मातीचा गंध येईल, मग मसाल्याची झाक, आणि शेवटी...

"शेवटी कांदा," सबनीस म्हणाले.

मग विचारलं, ठेवले कुठे होते. चाळीत, म्हटलं. तर यांना कांदा चाळ ठाऊकच नाही! जर्मनीत राहून आलेला माणूस! सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. चाळीची दिशा, हवा कुठून घ्यायची, कुठला कांदा दिवाळीपर्यंत टिकतो, कुठला कोंब काढून दगा देतो. ते प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. संजना डोळे वटारत होती. चहा गार झाला, दिवस मावळला. नोट्स लिहिलेला कागद खिशातच राहिला. त्यांचं अज्ञान घालवण्यात माझी सगळी संध्याकाळ फुकट गेली.

१७ जून
संजनाचा फोन. सबनीसांचा होकार. अपेक्षितच होता. चुरा झाला तरी दर्जा लपत नाही.

मात्र ते सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलेत की आमचे व्याही लासलगावचे कांदेवाले, फार जाणकार माणूस. मी विचारलं, सिगारबद्दल काही म्हणाले का? म्हणाली, नाही. दोन गोणी कांदा मागितलाय. आणि हसत होती. इतकी मोकळी हसली की मीही रागवायचं विसरलो.

दुपारी चाळीवर गेलो. कांदा स्वतः निवडून गोण्या भरून घेतल्या. तो नरम म्हणून बाजूला टाकलेला सिगार धनराजने तळहातावर चुरला होता, चुना लावून मळत होता. म्हणाला, "तंबाखू बरी हाय शेठ, पण कांद्याचा वास लय येतो."

खेड्यातल्या माणसाला चव कसली. मी चिमूटभर घेऊन दाढेखाली धरली. चांगला वेळ धरली.

मला तर कसलाच वास आला नाही.