उजवं, डावं आणि साडू

रविवार, ४ ऑक्टोबर
सहावं रिमोटचं विमान गेलं. माझी चूक शून्य. फोमचा त्रिकोण मी तापलेल्या तारेने कापला होता, कड अशी गुळगुळीत की गाल घासून बघावा. बायकोने फेकलं, सरळ वर चढलं. मग जरा उजवीकडे वळवायला गेलो तर वळलं डावीकडे. रिमोटची दांडी आणखी उजवीकडे दाबली, तर पलटी खाऊन कुंपणात. वारा होता.

आम्ही विमानं उडवतो त्या मैदानाचा सेक्रेटरी माझा साडू. हे माझं नशीब. सगळ्यांदेखत म्हणाला, तुम्ही रिमोट तपासताना विमानाच्या नाकासमोर उभे राहता, म्हणून उजव्याचं डावं होतं. मागे उभे राहून तपासा. मी म्हटलं, डॉक्टर पेशंटला समोरून तपासतो. लोक हसले. माझ्या बाजूने हसले असावेत. साडू विमा विकतो. मी ड्रॉइंग ऑफिसात केस पांढरे केलेत.

सोमवार, ५ ऑक्टोबर
निदान झालं. फोम मऊ आहे. दुकानदाराला जाऊन झाडलं. तो म्हणाला, साहेब, हाच फोम बाकीचे नेतात आणि त्यांची उडतात. असल्या माणसाशी वाद नको. दोन शीट घेऊन आलो.

बुधवार, ७ ऑक्टोबर
सातवं तयार. उभे पंख मोठे केले, मधे कडक पट्टी घातली. जेवणाच्या टेबलावर नाक माझ्याकडे करून ठेवलं आणि तपासलं. दांडी उजवीकडे, की माझ्या उजव्या हाताकडची मागची हलती पट्टी वर. पट्टी ज्या बाजूची वर, विमान त्या बाजूला वळतं. बिनचूक.

बायको म्हणाली, फेकताना मी विमानाच्या मागे असते ना, तेव्हा तुम्ही उजवीकडे म्हणता आणि डावी पट्टी वर जाते. मी म्हटलं, तू फेकायचं बघ. त्यावर तिने ताटं दुसऱ्या खोलीत नेली. टेबल रिकामं नसतं ही तिची जुनी तक्रार.

रविवार, ११ ऑक्टोबर
वाईट झालं. सातवं वर गेलं, वळवलं, उलटं फिरून आलं ते थेट बायकोवर. मोटरचा पंखा कोपराला लागला. रक्त आलं. तिने रुमाल बांधून घेतला.

कमिटीने तिथेच मीटिंग भरवली. पंचवीस तारखेला मी एक पूर्ण फेरी मारून विमान धड उतरवायचं. नाही जमलं तर यापुढे माझ्या विमानाचा रिमोट सेक्रेटरीच्या हातात, मी नुसतं उभं राहायचं. निकाल वाचून दाखवताना साडूचा आवाज काय गोड झाला होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, आणखी एकदाच फेकीन. ते उडलं तर पुढे येत जाईन, नाहीतर मला माझे रविवार परत द्या. तिच्यासारखं कोणी फेकत नाही. न धावता, खांद्यावरून, एका रेषेत. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. ती नसेल तर त्या मैदानावर माझं काही काम नाही.

मंगळवार, १३ ऑक्टोबर
दोष सापडला. रिमोट. जुना फेकला, नवा आणला. आणि बघतो तर काय, कारखान्यातून चुकीचा लावून आलेला. विमान नाक माझ्याकडे करून ठेवलं, दांडी उजवीकडे केली तर पट्टी वर जाते माझ्या डाव्या हाताकडची. पगार घेऊन माणसं करतात काय? उलट करायचं बटण असतं, ते फिरवून दुरुस्त केलं. कंपनीला इंटरनेटवर पाचातली एक चांदणी दिली, तीही नाइलाजाने.

रविवार, १८ ऑक्टोबर
मैदानावर गेलो नाही. आठवं विमान पलंगावर, रिमोट माझ्या हातात, आणि मी पायाने पलंगाखालची चप्पल शोधत होतो. म्हणजे उभा होतो विमानाच्या शेपटीकडे. सहज दांडी उजवीकडे गेली. डावी पट्टी वर आली.
पुन्हा केलं. पुन्हा डावी.
खाली बसलो.

सायंकाळी. डोकं शांत झाल्यावर मार्ग सापडला. बटण फिरवायचं नाही. फिरवलं तर साडूचं ऐकल्यासारखं होईल आणि तो ते मरेपर्यंत ऐकवेल. विमान आहे तसंच ठेवायचं, हात बदलायचा. उजवीकडे जायचं तर डावीकडे दाबायचं, डावीकडे तर उजवीकडे. ही पद्धत जगात कोणाची नसेल. माझी आहे.

बुधवार, २१ ऑक्टोबर
सराव जोरात. ऑफिसात, लिफ्टमध्ये, जेवताना, अंगठे उलटे चालतात. साहेबांनी विचारलं, बरं वाटत नाही का. बायकोला वाटलं अंगठा दुखतोय. मलम आणून चोळून दिलं. कोपराची जखम अजून ओली आहे आणि माझा अंगठा चोळते. मी चोळू दिला. कारण सांगणं शक्यच नव्हतं.

शनिवार, २४ ऑक्टोबर
हात आता इतका तयार की सरळ दाबायला सांगितलं तर जमणार नाही. उद्या फोटो निघतील म्हणून केस कापून आलो. घरी येतो तर बायको बहिणीशी फोनवर कुजबुजत होती, मला बघून तिने फोन ठेवला. बहिणी बहिणींच्या भानगडी. विमान पुन्हा तपासणार नाही. माझं मला माहीत आहे.

रविवार, २५ ऑक्टोबर, दुपार
काय लिहू.
सगळे हजर होते. साडू तपासायला पुढे आला, मी हात लावू दिला नाही. बायकोने फेकलं, तिच्या इतक्या दिवसांतलं सर्वांत सुंदर. वर चढलं. उजवीकडे वळवायचं होतं म्हणून ठरल्याप्रमाणे डावीकडे दाबलं. गेलं डावीकडे. जरा चेपलं. आणखी डावीकडे. मग उलटं होऊन जिथे सगळ्यांची विमानं मांडून ठेवली होती तिथे आदळलं. साडूच्या नव्या विमानाचे दोन तुकडे. दिवसभरात तेवढंच बरं वाटलं.

सायंकाळी. बायको समोर येऊन बसली. म्हणाली, काल तुम्ही केस कापायला गेलात तेव्हा बहिणीकरवी तिच्या यजमानांना विचारून घेतलं आणि रिमोटचं ते बटण मी फिरवलं. वाटलं, तुम्हाला कळणारही नाही, विमान उडेल, तुमचा मान राहील. आणि रडली. म्हणाली, माझ्यामुळे पडलं. कळत नाही त्यात मी हात घालायला नको होता.

तिने बरोबर लावलं होतं. चुकीचा फक्त माझा हात होता. मी म्हटलं, होतं असं कधी कधी.

सोमवार, २६ ऑक्टोबर
बायको धड जेवली नाही. दुपारी तिने साडूला फोन करून झापलं म्हणे, तुमचा सल्ला ऐकला आणि यांचं विमान मोडलं. साडूने चक्क माफी मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे ऐकून मी चहा पुन्हा मागितला. तिला खरं सांगायचं आहे. एकदोन दिवसांनी सांगीन.

रविवार, १ नोव्हेंबर
अजून सांगितलं नाही. आठवडा कामाचा होता, त्यात नववं विमान बनवलं.

बायको आली नाही. मी फेकलं, वेडंवाकडं. रिमोट साडूच्या हातात. विमान सावरलं, दोन फेऱ्या मारल्या, साडूच्या पायाशी येऊन बसलं. टाळ्या साडूला. तो रिमोट उलटसुलट करून बघत होता. म्हणाला, हा तर बरोबर लावलाय, मग गेल्या रविवारी झालं काय? मी म्हटलं, वारा.

घरी आलो. बायकोने विचारलं, उडलं का. उडलं, म्हटलं.
ती म्हणाली, बघा, मी नव्हते म्हणून उडलं.
एक वाक्य पुरलं असतं. पण ते तिच्याकडून बहिणीकडे गेलं असतं आणि बहिणीकडून साडूकडे. मी बूट काढत बसलो.
मग म्हणाली, यापुढे रविवारी मी बहिणीकडे जात जाईन, तुम्हाला अडचण नको.
मी बरं म्हटलं.